ओवून ठेवलेल्या सुया

माझ्या लाडक्या खारूताई,

तर पहिला आला तो मिशाळ. दार उघडते तो समोर एवढा थोरला माणूस, अंगात तुमच्या त्या सरकारी सेवेचा करडा कोट, आणि कोट असा घट्ट की पोटावरची बटणं नुसती श्वास रोखून उभी. मी त्याला तोंड उघडायला वेळच दिला नाही. तुमच्या सेवेचे कपडे येतात तीनच मापांचे, आणि माणसं काही तीन मापांची जन्मत नाहीत, म्हणून दर भरतीनंतर आपल्या दारात उसवायला-शिवायला गर्दी होते. मला वाटलं, हाही त्यातलाच. ओढला आत, आरशापुढे उभा केला, हात वर करा म्हटलं आणि टेप घातली छातीभोवती. तो अहो आजी, अहो आजी करतोय आणि मी म्हणतेय, हलू नका हो, माप चुकेल. तेवढ्यात मागून एक बाई आल्या. बारीकशा, चष्मेवाल्या, कोटाच्या बाह्या बोटांच्याही खाली लोंबणाऱ्या. त्यांना म्हटलं, बसा जरा, यांचं झालं की तुमचं घेते. आणि बसल्या गं त्या बिचाऱ्या, कापडाच्या ढिगावर!

तुझ्या आईने आतून डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. त्या म्हणजे तुझ्या वृद्धाश्रमाच्या मॅडम, आणि मिशाळ म्हणजे तुमच्या गाडीचा ड्रायव्हर, दर रविवारी तुला कोपऱ्यावर सोडणारा. मी त्याला कधी पाहिलाच नव्हता, तर ओळखणार कशी? आई पुढे येऊन सांगणार, तोवर मिशाळाचे हात वर होते आणि व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्याचं पुढे सांगते.

आधी हे सांग, तू आम्हाला न विचारता परस्पर सांगून मोकळी कशी झालीस? सक्तीचं वर्ष संपत आलं, फिजिओथेरपीच्या कॉलेजची जागा तुझी वाट बघतेय, आणि तू मॅडमना म्हणालीस की मला अजून दोन वर्षं इथेच ठेवून घ्या, कॉलेज नको. घरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय तसं ठेवून घेत नाहीत, म्हणून तर त्या आल्या. तुझ्या बाबाने ऐकलं मात्र, हातातला पाना टाकला आणि बसगाडीच्या इंजिनासारखा धडधडायलाच लागला. त्याचं तेच जुनं गाणं. एवढे मार्क मिळवलेली पोर, आणि सरकार तिला म्हाताऱ्यांच्या चादरी बदलायला नेतं. एक वर्ष गेलं तेवढं पुरे नाही का?

तशी त्या वेळी तूही काही हसत गेली नव्हतीस. तुझा कोट मी आत घेत होते आणि तू समोर बसून नाक ओढत होतीस, मैत्रिणी पुढे जातील म्हणून. आणि मग दोन-तीन रविवारांतच तुझी टकळी सुरू झाली. तो चमच्याने ताटावर ताल धरणारा बँडवाला, त्या हात वर न जाणाऱ्या शाळामास्तरीण, ज्यांचे केस तू विंचरून देतेस. तू बोलायचीस आणि मी ऐकता ऐकता काजं करायचे. मी बाबाला म्हटलंसुद्धा, अरे, पोरीचं वर्ष वाया नाही जात. पूर्वी ही खोलीत शिरली की आरसा बघायची, आता मी बसले कशी आहे ते बघते आणि पाठीमागे उशी सरकवते. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

तर मिशाळाचं. तुला मी कायम सांगते ना, मापाला हात वर केले की माणसाच्या पोटातलं बाहेर येतं. इतकी वर्षं शिवतेय, लग्नं मोडल्याचं, नोकऱ्या सोडल्याचं सगळ्यात आधी मला कळतं ते असंच. हात वर, तोंड मोकळं. मिशाळही बोलला. म्हणाला, आजी, मॅडमना पोरीने सेवेची आवड आहे म्हणून सांगितलंय, आणि आवड आहेही तिला, पण गाडीत मला वेगळंच सांगते. कॉलेज लांब, घरी यायला मिळणार वर्षातून दोनदा, मग आजीच्या सुया कोण ओवणार?

टेप माझ्या हातातून खाली पडली.

लहानपणी माझ्या डब्यातली बटणं उचलून उशीखाली लपवायचीस, म्हणून तुला खारूताई म्हणायला लागले. एवढी मोठी झालीस तरी लपवायची खोड गेली नाही. रविवारी दुपारी दार लोटून घेऊन आठवड्याभराच्या सुया ओवून उशीत टोचून ठेवतेस, काळ्या एका रांगेत, पांढऱ्या दुसऱ्या, आणि आपलं दोघींचं ठरलेलं की डोळ्यांचं कुणाला सांगायचं नाही. मला वाटायचं, बाई, काय शिताफीने झाकलंय आपण. आणि काल तुझी आई सगळ्यांसमोर म्हणते, मला कधीचं ठाऊक आहे, सोमवारी उशी सुयांनी भरलेली असते आणि शनिवारी सासूबाई काजाचं काम पुढे ढकलतात. मेली, इतके दिवस गप्प! तुझ्या बाबाला मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग उठला, ते काळे झालेले हात धुतले आणि सुई घेऊन बसला. जीभ दातांत धरून, एक डोळा मिटून. तीनदा थुंकी लावली दोऱ्याला. ओवला शेवटी, आणि असा बघितला आमच्याकडे जसं काही इंजिन बसवलंय. मॅडमसुद्धा हसल्या.

मग मी मॅडमनाही हात वर करायला लावले. त्या तुझं फार कौतुक करतात. पण म्हणाल्या, त्या शाळामास्तरणींचा हात पोरीने एकदा जरा जास्त वर नेला आणि त्या कळवळल्या. फार काही झालं नाही, पण ही पांढरीफटक पडून सगळ्यांना विचारत फिरली, कुठवर न्यायचा, आणि का? त्याचं उत्तर, मॅडम म्हणाल्या, आमच्यापैकी कुणालाच देता येईना. फिजिओथेरपीवाले महिन्यातून एकदा येतात आणि घाईत असतात.

ऐकून मला माझ्या बाह्या आठवल्या. तिसरीतून मला घरी बसवलं ते भावंडांना सांभाळायला. शिवण मी बघून बघून शिकले. माझी प्रत्येक बाही काखेत ओढायची. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, पण मला दिसायचं. मी बापडी आणखी मऊ कापड घ्यायचे, आणखी प्रेमाने शिवायचे. वर्षानुवर्षं! मग शेजारी एक शिकलेले टेलरमास्तर राहायला आले, त्यांनी एका दुपारी कागदावर काखेची गोलाई काढून दाखवली आणि संपलं. अगं, मी रडले त्या दिवशी. एवढंसंच होतं, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं प्रेम कमी नव्हतं पडलं खारूताई, गोलाई ठाऊक नव्हती. तुझ्या त्या कुठवर आणि का-चं उत्तर तुझ्या कॉलेजात आहे. ते घेऊन ये. म्हातारी माणसं कुठे पळून जात नाहीत, रोज नवी होतायत. मीच होतेय.

म्हणून हे पत्र, बेतायच्या खाकी कागदावर आणि जाड पेन्सिलीने, म्हणजे मला माझंच अक्षर दिसावं. मॅडमनी विचारलं, घरात मोठ्या तुम्ही, तर हो म्हणू ना? आणि मी नाही म्हटलं. तुझ्या वतीने मी पहिल्यांदाच कुणाला नाही म्हटलं, तेव्हा रागाव हवं तर. पण आधी ऐक. मोतीबिंदू काढून घेते म्हणून आईला शब्द दिलाय, डॉक्टरांची वेळ घेऊनही झाली. तोवर सुया तुझा बाबा ओवणार, तसं त्याने स्वतः कबूल केलंय. आता पुढचं तुझ्या तोंडून व्हायला हवं, कारण मॅडम म्हणाल्या, पोरीने स्वतः येऊन सांगितलं तरच ती येतेय म्हणून कॉलेजला कळवते. दोघांचे कोट इथेच ठेवून घेतलेत, थंडीत नुसत्या शर्टांवर गेले बिचारे. तेव्हा त्यांना यावंच लागणार. गाडीत तुझ्यासाठी जागा ठेवतो म्हणालाय मिशाळ. येतायत ते बुधवारी, दुपारच्या चहाला.

तुझीच, टेप गळ्यात घालून दाराकडे बघत बसलेली,
आजी