शिवणीआड गेलेला कळस

मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी गच्चीवर बोटीच्या छपराचा सांगाडा उभा केला, शिवलेलं कॅनव्हास चढवलं आणि सुकाणूवाला बसतो तेवढ्या उंच स्टुलावर बसलो. कॅनव्हासमधल्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडकीतून, रोजच्यासारखे मारुतीच्या कळसाला हात जोडायला गेलो, तर कळस दिसेना. प्लास्टिकचे दोन तुकडे जोडणारी आडवी शिवण नेमकी डोळ्यांसमोर.

बायको म्हणाली, "जरा वाकून बघा की. मारुती कुठं पळून चाललाय?"

बोटीच्या मालकांना मुंबईला फोन लावला. "शिवण पक्की आहे ना? मग पाठवून द्या," म्हणाले. त्यांना घाई.

दिवसभर ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या, पण मन गच्चीवरच. ताडपत्रीतून कुणी बाहेर बघत नाही. बोटीत तर त्या खिडकीतूनच बघायचं. मी समुद्र पाहिलेला नाही. पण जिथं कळस लपतो, तिथं कोळ्याची लहान होडी लपणार नाही का? मारुतीसाठी मी वाकेन. होडीसाठी तो सुकाणूवाला किती वेळा वाकणार?

देवाजवळ दिवा लावला आणि शिवण उसवून टाकली. आता अखंड प्लास्टिक लावलंय. कळसावरचा दिवा बसल्या जागेवरून दिसतो.