निरीक्षणाचा रकाना

१ जुलै
शाळा सुरू. यंदा दहावी ‘ब’च्या मुलींना सगळे प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवायचे. ठरलं म्हणजे ठरलं. प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिका सिस्टर आल्फींना तसं सांगूनही टाकलं. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षीही असंच म्हणाला होतात. बाईंची स्मरणशक्ती उगाच दांडगी आहे.

९ जुलै
आज मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवणार होतो. लॅबच्या कपाटाची किल्ली सापडेना. तास वाया जाऊ नये म्हणून मागच्या बॅचची प्रयोगवही दिली आणि मुलींना उतरवून घ्यायला लावली. कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं पस्तीस मिनिटांत. एवढा स्पीड जिल्ह्यात कुणाचा नसेल.

१० जुलै
वह्या तपासल्या. एकेचाळीस वह्यांत ‘डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश दिसला’. बेचाळिसावी ममताची. तांड्यावरून एसटीने येते ती. निरीक्षणाचा रकाना कोरा. उभं करून विचारलं, तर म्हणे, “सर, म्या पायलंच नाही, त लिहू काय?” वर्ग हसला. मी नाही हसलो. उद्धटपणा मला खपत नाही.

२ ऑगस्ट
किल्ली सापडली. माझ्याच जुडग्यात होती. कुणाला बोललो नाही. आता पोर्शन मागे पडलाय, तेव्हा प्रयोग दिवाळीनंतर. गणित मात्र जोरात. ‘समजलं का’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो सर’ म्हणतो. ममता तेवढी फळ्याकडे बघत बसते. लक्ष नसतं पोरीचं.

१८ नोव्हेंबर
जेवताना रजनीला ममताचा किस्सा सांगितला. बायको आहे, आपली बाजू घेईल असं वाटलं. तिने विचारलं, तुम्ही तरी कधी जाळलीय का ती फीत? मी आमटी वाढायला सांगितली. खरं तर बी.एस्सी.ला मीही वही उतरवूनच काढली. पण तो काळ वेगळा होता.

२० जानेवारी
ममताचे वडील किसनसिंग आले. चपला स्टाफरूमच्या बाहेर काढून दारातच उभे राहिले. म्हणाले, “पास झाली त नर्सिंगले धाडतो, सर. नाही त संग पुण्याले नेतो, बिल्डिंगच्या कामावर.” मी म्हणालो, निर्धास्त राहा, पोरगी माझ्या हाताखाली आहे.

५ फेब्रुवारी
प्रात्यक्षिकाचे गुण भरले. वीसपैकी सगळ्यांना वीस. ममताच्या वहीत बारा प्रयोग आणि बारा कोरे रकाने. शेवटच्या पानावर पेन्सिलने ‘दाखवलं तर लिहीन’. चार दिले. सिस्टर म्हणाल्या, अनंत सर, एकदा परत विचार करा. मी म्हणालो, विज्ञान म्हणजे शिस्त. पुढे नर्स झाली की हीच मुलगी माझी आठवण काढेल.

१३ मे
निकाल. गणित-विज्ञान मिळून सत्तर लागतात. ममताला गणितात एकतीस, विज्ञानात लेखी चोवीस, आणि माझे चार. एकोणसाठ. तीनदा बेरीज केली. इतरांसारखे वीस दिले असते तर पंचाहत्तर झाले असते. पेपर जरा कठीणच होता यंदा. फेरपरीक्षेसाठी तिला मी स्वतः तयार करणार. रोज एक तास, प्रयोगांसकट. उद्याच तांड्यावर जातो.

२६ मे
आज जमलं तांड्यावर जायला. घराला कुलूप. शेजारच्या सुखीबाई म्हणाल्या, “आठ दिस झाले, सर. पोरगी ‘म्या येत नाही’ म्हणे. तरी नेली पुण्याले.” त्यांनी पाणी आणून दिलं. फार वाईट वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही. परतताना गावाचा फाटा चुकलो. ऊन होतं.

३ जुलै
नवी दहावी. अखेर प्रयोग केला. पहिल्याच आठवड्यात कपाट उघडलं, दिवा पेटवला, फीत चिमट्यात धरली. किती वर्षांची होती कोण जाणे, पांढरी पडून आतून भुसभुशीत झालेली. पेटली नाही. दुसरा तुकडा घेतला, तोही नाही. धरता धरता भुगा होऊन टेबलावर पडली.

आता कुणीतरी विचारेल म्हणून वर पाहिलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या मुली जुनी वही मधे ठेवून, माना खाली घालून लिहीत होत्या. डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश दिसला.

वह्यांवर सह्या केल्या.