काकांच्या किडनीतली गाठ आणि माझी सही

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार. (टाके ओले आहेत, आशीर्वाद बसल्या जागेवरूनच द्या.) प्रकृती विचारत नाही, कारण तुमची एक किडनी गाठीसकट माझ्याच टेबलावर आली होती. इकडे सर्व क्षेम आहे, फक्त आमचे विभागप्रमुख माझ्याशी बोलत नाहीत.

त्याचं असं झालं. आमच्या पॅथॉलॉजीत रिवाज असा, की स्लाइड आधी सरांनी बघायची, चहा निवायच्या आत रोगाचं नाव सांगायचं आणि आम्ही मुकाट्याने टाइप करायचं. तुमची स्लाइड बघून सर म्हणाले, कॅन्सर, नेहमीचाच. मी म्हटलं, नाही. (खोलीत फ्रीजची घरघर ऐकू यायला लागली.) पेशी गोल, एकसारख्या, कुठे दांडगाई नाही. शिवाय ज्या माणसाचं ब्लडप्रेशर तरुणपणापासून कुठल्याच गोळीला दाद देत नाही, त्याच्या किडनीत गाठ निघाली, तर दोन्हींचा संबंध बघायला नको? प्रेशर वाढवणारं द्रव्य तयार करत बसणारी एक दुर्मिळ गाठ असते. काढली की बहुतेक वेळा विषय संपतो. यावर सर म्हणाले, काका आहेत म्हणून तुला असं दिसतंय.

हे झोंबलं. कारण मलाही तीच भीती होती. मग मी कॅन्सरच्या रिपोर्टवर सही करायला साफ नकार दिला (नोकरी गेली तर गेली), वेगळे रंग लावून नव्या स्लाइड करून घेतल्या आणि नाव-नातं न कळवता, फक्त वय आणि प्रेशर लिहून, मला पॅथॉलॉजी शिकवणाऱ्या माझ्या जुन्या बाईंकडे पाठवल्या. बाई कुणाची भीड ठेवत नाहीत. माझ्या लग्नात त्यांनी नवऱ्याला त्याच्या तोंडावर नावं ठेवली होती.

तोवर तुम्ही घरी निरोपाची भाषा सुरू केलीत म्हणे. घड्याळ धाकट्याला, खुर्ची थोरल्याला. ते गुंडाळून ठेवा. माझी सही झाल्याशिवाय आपल्या घरात कोणी मरायचं नाही.

तुमची हट्टी पुतणी

ता. क. पत्र टाकायला निघाले आणि बाईंचा फोन आला. मी म्हणत होते तीच गाठ. कॅन्सर नाही. सर आता सगळ्यांना सांगतायत, त्यांना पहिल्यापासून शंका होतीच. मी बाईंना 'बरं' म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. नव्या रिपोर्टवर सही केली आहे.

आणखी एक. तुमचं प्रेशर काकूमुळे वाढतं, असं तुम्ही जन्मभर घरीदारी सांगत आलात, आणि ती बिचारी खरं मानून तुमच्या जोडीने अळणी जेवत आली. तिचा काडीचा दोष नव्हता, माझ्याकडे काचेवर पुरावा आहे. हे तिला मोठ्याने वाचून दाखवा. (गाळू नका, एक प्रत तिलाही पाठवली आहे.) तुमच्या मिठाचं डॉक्टर ठरवतील. तिच्या पानात मात्र आजच वाढा, आणि स्वतःच्या हाताने.