दिनेशला सांगा

४ जाने. ९९, सोम.
आज पुन्हा फोन. कांदा-बटाटा मार्केटातले मुनीमजी. "मॅडम, दिनेशला द्या." म्हटलं, मी वैजयंती, मला सांगा काय अडलंय. "न्हाय न्हाय, मशीन म्हनतंय दिनेशला सांगा. त्यालाच द्या." दिनेश जाऊन महिना झाला हे मी यांना मागच्या आठवड्यात सांगितलंय. तेव्हा "अरेरे" म्हणाले आणि विसरले. आज पुन्हा सांगायची ताकद नव्हती. "जेवायला गेलाय," असं बोलून गेले. फोन ठेवला. काय हे माझं तोंड.

६ जाने., बुध.
सरांनी बोलावलं. ब्राउझरमधले सगळे एरर मेसेज बदलायचे. आमचा ब्राउझर तो केवढासा, व्यापाऱ्यांना गाळ्यात बसून बाजारभाव दिसावेत एवढ्यासाठी बनवलेला. पण एरर आली की अर्धा स्क्रीन भरतो. सॉकेट एरर १००६०, अमुक मॉड्यूल, तमुक ओळ, आणि शेवटी ज्याने तो भाग लिहिला त्याचं नाव. दिनेशला सांगा. वैजयंतीला सांगा. ही पद्धत दि.नेच पाडली. फोन आला की कोणाला द्यायचा यावर ऑफिसात रोज भांडणं व्हायची, ती त्या दिवसापासून बंद झाली.

सर म्हणाले, "हे सगळं काढ. 'पान दिसू शकत नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा.' बास. गिऱ्हाईक घाबरतं."

घाबरतं हे खरं आहे. लसणाच्या एका व्यापाऱ्याने 'फेटल' शब्द वाचून मशीनची वायर उपटली होती आणि वर नारळ फोडला होता. दि. पोट धरून हसला होता. पण हाच वाद सरांशी घालताना तो हसत नसे. "सर, डॉक्टर नुसतं 'बरं नाही' म्हणाला तर त्याला फी द्याल का तुम्ही? कळू दे नाहीतर न कळू दे, खरं काय ते समोर पाहिजे. माणूस निदान वाचून तरी दाखवेल कोणाला."

आज वाद घालायला कोणी नाही. मी "हो सर" म्हणाले.

९ जाने., शनि.
दि.ची फाईल उघडली. जिथे तिथे 'दिनेशला सांगा'. सगळं एका दमात बदलता येईल, दोन बटणांचं काम आहे. केलं नाही. चहा पिऊन आले. तरी केलं नाही.

मग म्हटलं निदान टेस्ट तरी करू. मोडेमची वायर मीच काढली. आता काय येणार हे मला पाठ आहे. तरी त्याचं नाव उमटलं तेव्हा खुर्ची मागे सरकली माझी. भर दुपार, पंखा फिरतोय, शेजारच्या टेबलावर सर डबा खातायत. मी भित्री कधीच नव्हते. आई म्हणते जुईनगरच्या घरात पालीला हाकलणारी मी एकटीच. पण या नावाची भीती वाटते मला, आणि नाव पुसायची त्याहून जास्त.

१२ जाने., मंगळ.
दि.ची आई आली होती. करावे गावाहून, एकटी. हातात सोड्यांची, सुक्या कोळंबीची, पुडी. मासळी बाजारात कोणीतरी तिला सांगितलं की तुझ्या पोराचं नाव अजून मशिनीवर येतं.

"मना दाखव."

सर बाहेर गेले होते. मी वायर काढली. नाव आलं. तिला वाचता येत नाही, मी बोट ठेवून वाचून दाखवलं. ती वाकून बघत राहिली. मग अगदी साधेपणाने विचारलं, "मंग तुमी सांगता का नाय त्याला?"

 म्हटलं, काकी, ते आमच्यासाठी लिहिलेलं आहे. तिने मान हलवली, पण मला नाही वाटत तिला पटलं. स्क्रीनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "वयनीला पोरगी झाली रं. तुज्यासारखंच नाक हाय." मी खिडकीकडे गेले.

जिन्यापर्यंत सोडायला गेले तर पायरीवर थांबली.

"पोरी, तू व्हतीस ना दवाखान्यात? आमचा थोरला रमेस बोलतो, जागीच गेला, त्याला काय कललंच नाय. मंग त्याच्या हाताला ती सुई कशाला टोचलेली? मी आंघोल घालताना बघितली. निशानी व्हती. वर पट्टी लावलेली."

मी म्हणाले, "मला नक्की माहीत नाही, काकी."

पान दिसू शकत नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा. सरांचा मेसेज मीच तिला वाचून दाखवला.

१३ जाने., बुध.
मला सगळं माहीत आहे. इथे तरी लिहिते.

टेम्पोने उडवलं ते दुपारी, नेरूळच्या पुढे. सर आणि मी पोचलो तेव्हा शुद्धीत होता. सलाईन लावलेलं. मला ओळखलं. म्हणाला, "आयला बोलव." पुन्हा, "आयला बोलव." त्याचा मोठा भाऊ रमेश आला, त्यालाही तेच. रमेश बाहेर येऊन भिंतीला टेकला. मी म्हटलं, रिक्षा घेऊन मी जाते, करावे काय लांब आहे? "नको ताई. तिला ह्यो बघवनार नाय. जरा बरा झाला का आनू." डॉक्टरही तोपर्यंत बघू-बघू करत होते. दिवेलागणीपर्यंत दि. हाका मारत होता. मग थांबला.

ती तेव्हा घरी सुकट निवडत बसली होती. अर्ध्या तासाच्या अंतरावर.

१४ जाने., गुरु. संक्रांत
ऑफिसात तिळगूळ. सर म्हणाले, "गोड बोला, आणि ते मेसेज बदला." हसले मी, काय करणार.

दुपारी रमेश आला. दुखवट्याचं घर, तिळगूळ नाही. तुर्भ्याच्या कंपनीतून थेट आला होता, अंगावर युनिफॉर्म. आई इथे येऊन गेली हे त्याला कळलंय.

"ताई, आयला काय सांगू नका. पाया परतो तुमच्या."

मी चिडले होते. मनात सगळी वाक्यं तयार होती. तुला कोणी अधिकार दिला, वगैरे. पण त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. ती दि.ची खुर्ची. चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"त्यो हाका मारीत व्हता ह्यो कललं तर ती जगंल का? आनी मी आनली नाय... ती मना घरात घेल का?"

दोन्ही खरं आहे. आधी कोणतं खरं, ते त्यालाही माहीत नसावं. मी वचन दिलं नाही. नकारही दिला नाही. तो निघताना म्हणाला, "तुमच्या मशिनीवरचं नाव काढा. ती परत परत येईल."

१८ जाने., सोम.
डोकं चाललं शेवटी. वर साधा मेसेज, मोठ्या अक्षरात, सरांना हवा तसा. खाली एक बटण: तपशील. दाबलं तर सगळं उघडतं, नंबर, मॉड्यूल, ओळ. नाही दाबलं तर काही नाही.

सर म्हणाले, "कोण दाबणार?"

"ज्याला हवं असेल तो."

"नव्याण्णव जण दाबणार नाहीत."

"नकोत. पण आत असलं पाहिजे ना, सर? ते फेकून दिलं तर नंतर कुठून आणणार?"

माझा आवाज चढला होता. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी दवाखान्यात तेही होते. "कर," म्हणाले. मग टेबलावरचे कागद सारखे करत, "नाव मात्र काढ, वैजयंती. गेलेल्या माणसाचं नाव लोकांच्या दुकानात बरं नाही. तुझं घाल."

२१ जाने., गुरु.
घातलं. त्याच्या प्रत्येक ओळीखाली माझं नाव. टेस्ट करताना बटण दाबलं आणि 'वैजयंतीला सांगा' आलं.  त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्यासारखं वाटलं.

कोडच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, त्याचं नाव राहू दिलं. यंत्र ती ओळ वाचतच नाही. मला वाचायची असली तर आहे.

२२ जाने., शुक्र.
मार्केटात फिरून नवीन फ्लॉप्या टाकल्या. मुनीमजींनी बटण दाबून बघितलं आणि हिरमुसले. "दिनेश न्हाय व्हय आता?" म्हटलं, नाही. या वेळी त्यांनी खरंच ऐकलं असावं. गूळ-पाणी दिलं मला. साताऱ्याची आहे म्हटल्यावर गाव विचारलं, पाव्हणेपण काढलं. उठताना म्हणाले, "चांगलं समजावून सांगायचा हो. आमाला कळंना तरी सांगायचा."

गोण्यांच्या राशींमधून येताना रडले. हमाल बघत होते. बघू देत.

२४ जाने., रवि.
करावेला गेले. ठरवून नाही; भाजी आणायला निघाले आणि बसमध्ये बसले.

खाडीकडून वारा, वाळत टाकलेली जाळी, सगळीकडे सुकटीचा वास. काकी ओट्यावर बोंबील निवडत होती. रमेश दारात. मला बघून त्याचा चेहरा पांढराफटक.

चहा झाला. बाळ दाखवलं. नाक खरंच दि.सारखं आहे. मग काकी रमेशला म्हणाली, "बरफ संपला, जा घेऊन ये." तो जागचा हलेना. "जा बोलले ना." गेला. कोपऱ्यापर्यंत वळून वळून बघत.

बोलायचं मी घरून ठरवून आले नव्हते, पण बोलले. "काकी, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माहीत आहे काय झालं ते. तुम्ही विचारलंत तर जसं आहे तसं सांगेन. नाही विचारलंत तर कधीच नाही."

तिचे हात थांबले नाहीत. एक बोंबील, दुसरा बोंबील. मला वाटलं ऐकलंच नाही.

"लय हाय का?"

"हो."

"मना सोसंल का?"

"ते मला नाही सांगता येत, काकी."

निवडलेले बोंबील टोपलीत टाकत म्हणाली, "आज नको." आणि मी उठले तेव्हा माझं मनगट धरलं, मासळीच्या हातानेच. "पन टाकू नको. तुज्याकडंच ठेव."

बसमध्ये हाताला वास येत होता. पुसला नाही.

२७ जाने., बुध.
शांत. फोन कमी झालेत. लोक मोठ्या अक्षरातला मेसेज वाचतात आणि खरंच थोड्या वेळाने प्रयत्न करतात. सर खूश. मला राग येतो, का ते सांगता येत नाही. दि. असता तर म्हणाला असता, बघ, आता कोणी विचारतसुद्धा नाही.

३० जाने., शनि.
सकाळी एक अनोळखी फोन. कुठल्यातरी गाळ्यात जुनी फ्लॉपी राहिलीय. "दिनेशला सांगा असं आलंय, मॅडम." म्हटलं, "सांगते." आणि फोन शांतपणे ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत काकी आली. आज पुडी नाही, हात रिकामे. स्क्रीनकडे बघितलंही नाही. सरळ जाऊन दि.च्या खुर्चीत बसली. दोन महिने त्या खुर्चीत कोणी बसलेलं नाही.

मी म्हटलं, सगळं सांगू का?

"सगलं नको. येकच सांग."

 मला वाटलं विचारेल, दुखलं का त्याला. विचारेल, माझं नाव घेतलं का. त्यांची उत्तरं मी रोज येता-जाता मनात घोकून ठेवली आहेत, हळू आवाजात, हात हातात घेऊन द्यायची.

ती म्हणाली, "रमेस पोचला तवा त्यो बोलत व्हता?"

पाणी आणते म्हणून वही घेऊनच आत आलेय. माठाजवळ उभ्याने हे लिहितेय. एक शब्द आहे, हो. तेवढा सांगितला की बाकीचं तिचं तिला कळेल, आणि एक गेला तसा दुसराही पोरगा तिच्या घरातून उठेल. नाही म्हटलं तर मी पुन्हा तेच मोठ्या अक्षरातलं पान.

बाहेर खुर्चीचा आवाज नाही. उठलेली नाही ती. ग्लास भरलाय. जाते.