शुद्धिस्थानाला जाण्याआधी

मी, इनास पेद्रू तुस्कानो, वय ६३, निवृत्त पाईप फिटर, मूळ गाव वसई, सध्या राहणार कुंभवली, धर्माने कॅथलिक, या मृत्युपत्रात लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, मी दारू प्यालेलो नाही आणि माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझे पुढचे दोन दात परवा पडले. त्याचे कारण खाली येईल.

१. २१ मार्च १९७९ रोजी आमच्या कारखान्याच्या फाटकावर संपकरी कामगार खंडेराव जगदाळे यांना मी ठार मारले. संप चालू होता आणि मी तो मोडून कामावर जात होतो. खंडेरावांनी माझी कॉलर धरली, तोंडावर थुंकले. माझ्या हातात छत्तीस इंची पाईपपाना होता. पहिला वार रागाने बसला. ते गुडघ्यांवर आले, "नको रे, इनास," म्हणाले. पुढचे दोन मी नेम धरून कानशिलावर घातले. कवटी फुटली.

२. मी पळालो. केळव्याचा बन्सी मेहेर, आमच्याकडचा हमाल, त्यांना उचलायला धावला आणि रक्ताने माखलेला तोच पोलिसांना सापडला. मी व माझा पुतण्या अगस्तीन, दोघांनी कोर्टात शपथेवर त्याला खुनी म्हटले. बन्सी नऊ वर्षे तुरुंगात होता. त्या काळात त्याची आई येसूबाई वारली.

३. अगस्तीनला काहीही मिळू नये. खरे सांगतो म्हटल्यावर त्याने माझ्या गळ्यावर कोयता टेकवला. तो कोयता माझाच आहे. तोही त्याला देऊ नये.

४. घर विकून सगळे माझ्या आत्म्यासाठी चर्चमध्ये व्हायच्या मिस्सांना, म्हणजे प्रार्थनाविधींना, द्यायचे असे मी ठरवले होते. मेल्यावर पापे जाळून आत्मा शुद्ध करणाऱ्या शुद्धिस्थानाच्या आगीला मी फार भितो. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, केल्यावर फादर सिल्वेस्टरना विचारले, "ही आग बायबलात कुठे आहे?"

ते म्हणाले, "शुद्धिस्थान हा शब्द तिथं नाही. बायबलातल्या मक्काबींच्या ग्रंथात लढाईत पडलेल्यांच्या पापांसाठी बलिदान करवल्याची हकिकत आहे. पहिले ख्रिस्ती लोक मेलेल्यांसाठी प्रार्थना करत. त्यातूनच ही शिकवण वाढली, पुढं धर्मसभांनी ती पक्की केली. तो लहान नरक नव्हे, इनास. तिथला माणूस वाचलेलाच असतो, फक्त स्वच्छ व्हायचा राहिलेला."

"मिस्सांनी माझी आग कमी होईल?"

"मदत होईल. पण जे इथं परत करता येतं ते तिथं कशाला ढकलतोस? बन्सी जिवंत आहे ना?"



५. म्हणून घर, परसातली विहीर आणि तीन माड खंडेरावांची पत्नी मैनाबाई यांना द्यावेत. त्या बोईसरला भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांनी क्षमा करावी अशी अट नाही.

६. दरवर्षी २१ मार्चला एक मिस्सा खंडेरावांसाठी व्हावी. ते हिंदू होते, चालेल का, असे विचारले तेव्हा फादर म्हणाले, "देवाच्या दारात अडवणारा मी कोण?"

७. पाईपपाना मी फेकला नाही. निवृत्तीपर्यंत त्यानेच काम केले. तो पोलिसांना द्यावा.

८. परवा केळव्याला जाऊन बन्सीला सारे सांगितले. त्याने मला ओट्यावरून खाली ओढले आणि तोंडावर गुद्दे घातले. मी हात आडवे घातले नाहीत. त्याची बायको आनंदी मध्ये पडली नसती तर हे लिहायला मी उरलो नसतो. रक्त थुंकत मी म्हटले, "घरातला अर्धा वाटा तुझ्या नावावर करतो. फक्त मग तुला साक्षीदार होता येणार नाही. साक्षीदाराला काही मिळत नाही, वकील म्हणाले."

बन्सी म्हणाला, "मंग मी साक्षीदारच होतो. माला तुजा घर नको. तू सही करशील ती माला डोल्यांनी बघायची हाय."

म्हणून बन्सीला मी काहीही देत नाही.

९. ही कबुली उघड करायला माझ्या मरणाची वाट पाहू नये. सही होताच हा कागद व पाना घेऊन मी आजच पोलीस ठाण्यात जात आहे.

बोईसर, १६ नोव्हेंबर १९९१

सही: इनास पेद्रू तुस्कानो

साक्षीदार:
१. दमयंती नारायण राऊत, परिचारिका. ओठाला टाके मीच घातले. माणूस शुद्धीवर आहे.
२. बन्सी हरी मेहेर, केळवे. सही केली. मी बगितली.