दहा मिनिटं पुढचं घड्याळ

ती. बाबांना बोटीवरून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. अक्षर वाकडं आलंय ते घाईमुळे. समुद्र अगदी शांत आहे, असं आईला सांगा. तिची कंबर कशी आहे?

काल मी पहिल्यांदाच सूर्याची उंची मोजून बोटीचा रेखांश काढला. वेळ मात्र तुम्ही दिलेल्या घड्याळावरून घेतली. मला उशीर होऊ नये म्हणून तुम्ही ते दहा मिनिटं पुढे लावलंय, हे साफ विसरले! चार मिनिटांना एक अंश चुकतो. नकाशावर बोट थेट डोंगरावर चढली. कप्तान म्हणाले, "नांगर टाकायचा की तंबू ठोकायचा?"

आता कामाला बोटीचंच घड्याळ वापरते. तुमचं मात्र तसंच ठेवलंय. त्यात पाहिलं की ऐकू येतं, "अगं, आवर लवकर!" इथे मला असं म्हणणारं दुसरं कोणी नाही.

तुमची,
धाकटी