न्हाणीची कडी

लीड्स, १२ जानेवारी

ती. आईस,
लांबूनच तुझ्या पाया पडते.

मी बरी आहे. या महिन्यात एकदाही फिट आली नाही. थंडीनं आपल्या द्राक्षांना काही झालं नाही ना?

फिट येणाऱ्या मुलांवरच्या माझ्या संशोधनातून निघालेलं माहितीपत्रक आता आठ देशांतल्या दवाखान्यांत वाटतात. त्यातली पहिलीच सूचना तुझी आहे: मुलांनी न्हाणीला कडी लावू नये, आत बोलत राहावं.

आठवतं? मी आत पाढे म्हणायचे, तू बाहेर कांदे निवडत बसायचीस. मी जरा थांबले, की ओरडायचीस, "पुढं गं?"

इथं एकटीच राहते, तरी कडी लावत नाही. परवा सतराच्या पाढ्यात अडकले. बराच वेळ थांबले. बाहेरून कुणी विचारलंच नाही.

तुझी,
उज्वला